किंजळीचा उलटा खांब

वाडीत छप्पर घालायचं असेल तर जमिनीकडे बघायच्या आधी वर बघायचं, हे मला बाबांनी शिकवलं. माडाखाली घातलं तर नारळ पडतो, झावळ पडते. कौलं फुटतात, आणि खाली माणूस असेल तर डोकंही फुटतं. म्हणून त्या थंडीतल्या एका सकाळी आम्ही दोघं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा आणि पन्नाशी ओलांडलेली मी, माना वर करून आमच्या दिवेआगरच्या वाडीत फिरत होतो. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "काय गो, इमान शोधताय काय?"

वादळाने आमची निम्मी वाडी आडवी केली होती, त्यामुळे उत्तरेच्या कोपऱ्यात आभाळ मोकळं झालं होतं. बाबांनी तिथे काठी रोवली. "हितं," म्हणाले. मग थोड्या वेळाने काठीकडे बघून त्यांनी मला विचारलं, "ही कोणी लावली?"

हेच तर कारण होतं वाडीत हत्यारांची खोप बांधायचं. बाबा विसरायला लागले होते. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, दुधाचं पातेलं गॅसवर. मग एकदा बोर्लीच्या बाजारात मासळी आणायला गेले आणि दुपारपर्यंत आलेच नाहीत. एका ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. नाक्यावर बसून होते, म्हणाला, कुठे जायचं ते आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध फारसं नाही, पण हाताला सवयीचं काम असेल तर माणूस जास्त दिवस टिकून राहतो. बाबांच्या हाताला सवयीचं काम एकच होतं. तरुणपणी मुंबईला गोदीत सुतारकाम शिकले, गावी परत आले, आणि पुढची चाळीस वर्षं या पट्ट्यातल्या घरांचे दरवाजे, छपरं, पाळणे त्यांनी केले. आता त्यांची हत्यारं पलंगाखालच्या पेटीत गंजत पडली होती.

माझा धाकटा भाऊ नवी मुंबईत असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. "ताई, प्रॅक्टिकल हो ना जरा. तू दिवसभर शाळेत. त्यांना काय झालं तर? मी इकडे घेऊन येतो, लिफ्ट आहे, वॉचमन आहे, सगळं सेट आहे." मी त्याला म्हटलं, वॉचमन त्यांना रंधा मारू देणार आहे का? तो मागे हटला नाही. शेवटी ठरलं की बुद्धपौर्णिमेला तो येईल, बाबांना बघेल, आणि मग काय ते ठरवू. म्हणजे माझ्याकडे चार महिने होते. तेवढ्यात बाबांनी वाडीत स्वतःच्या हाताने हत्यारांची खोप उभी केली, तर ते माझ्याकडे राहणार होते. त्यांना चौदाव्या मजल्यावर बसवून ठेवलेलं मला सहन झालं नसतं. आणि खरं सांगायचं तर मलाही एकटीला राहायचं नव्हतं. मी लग्न केलं नाही. का, हे विचारण्याचा उत्साह आता लोकांचाच संपलाय.

छपरावरून आमचं पहिलं भांडण झालं. मला पत्रा हवा होता, तो निळ्या रंगाचा, जो वादळानंतर दिवेआगरमध्ये घरोघर चढला. दोन दिवसांत काम.

"पत्र्याखाली माणूस पावसात बहिरा व्हतो न उन्हात भाजतो," बाबा म्हणाले. "न वादळात तुझा पत्रा कुठं गेला ते बघितलंस ना? पोफळींच्या माना कापीत गेला."

"मग सिमेंटचा घालू."

"त्याच्यावर एक झावळ पडली की तडा. पुरा पत्रा बदल."

"मग झावळ्यांचे झाप विणून घाला! दर वर्षी नवे. कोण विणणार, मी?"

"तू? तुला साधी केरसुणी बांधाया येत न्हाय."

खरं होतं ते, म्हणून जास्त लागलं. पण भांडताना बाबा अगदी पूर्वीसारखे बोलत होते. एकही शब्द अडला नाही. मी मनात म्हटलं, असंच भांडत राहिलं पाहिजे. शेवटी कौलं ठरली. एक फुटलं तर एक बदलता येतं, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

जुनी मंगलोरी कौलं मिळायला कठीण गेली नाहीत. पत्रे चढवणाऱ्या प्रत्येकाच्या परसात कौलांचे ढीग शेवाळत पडले होते. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका घरवाल्याने तर हात जोडले. "घेऊन जा हो मिस्त्री, इंचू निघतात त्यातनं." बाबा तिथे उकिडवे बसले आणि एकेक कौल डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने वाजवायला लागले. खणखणीत बोललं तर उजवीकडे, बद्द बोललं तर डावीकडे. बद्द म्हणजे आत बारीक तडा आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण पाऊस तो शोधून काढतो. मला म्हणाले, "डोळे मिट न सांग." मी दहा कौलांपैकी चार चुकले. "मास्तरीणबाई नापास," म्हणाले, आणि त्या घरवाल्याकडे बघून असे हसले की मला आईची आठवण आली. आई गेल्यापासून ते तसे हसले नव्हते.

मग लाकूड. बोर्लीच्या वाटेवर एक वखार आहे. वखारवाल्याने आम्हाला आधी लोखंडी पाइपच सुचवले. बाबांनी त्याला शांतपणे विचारलं, "तुमच्या गेटाचे बिजागर किती टिकले?" तो हसून आत गेला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते त्यालाही ठाऊक होतं. वाशांची सोय घरचीच होती. वादळात पडलेले दोन माड आम्ही तेव्हाच चिरून पडवीत रचून ठेवले होते, आणि त्यांच्याच फळकुटांतून कौलांखालच्या रिपा निघणार होत्या. प्रश्न होता चार खांबांचा. साग बाबांनी हात न लावताच नाकारला. "औजारांच्या खोपीला साग म्हंजे बोकडाला शेला." मग ऐनाचे सोट उचलून बघितले, टोकांना उन्हाच्या भेगा होत्या, ठेवून दिले. मागच्या बाजूला एक वेगळा ढीग होता. तिथे बाबा थांबले, लाकडावर तळहात ठेवला, वाकून वास घेतला.

"हाच," म्हणाले. "हा जमिनीत ऱ्हातो. वाळवी याला धरीत न्हाय लवकर. हा... हा गो बाय..."

नाव येईना. बाबा लाकडाकडे बघत राहिले. ओठ हलत होते. ज्या माणसाने या लाकडाचे हजार खांब उभे केले असतील, त्याला त्याचं नाव आठवेना. वखारवाला सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याला हाताने थांबवलं. बाबांनी लाकडाला नखाने ओरखडलं, ते बोट जिभेला लावलं. आणि मग एकदम मोठ्याने म्हणाले, "किंजळ! किंजळ हाय ही!" बसच्या गर्दीत हरवलेलं पोर सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला. मी ऐनाच्या ढिगामागे जाऊन डोळे पुसले. त्या दिवशी मला वाटलं की आपण जिंकणार.

चौकोनी चिरलेले चार खांब घरी आले. मदतीला मी एक सुतार बोलावला. पंचविशीत बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतः पन्नाशीचा. हल्ली तो खोल्यावाल्यांकडे प्लायवूडची कपाटं करतो. लाकूडकाम म्हणजे आता स्क्रू न गोंद, असं तोच हसत सांगतो. बाबांना अजूनही 'मिस्त्री' म्हणतो आणि त्यांच्यासमोर विडी ओढत नाही.

खांब उभा करायची आमच्याकडे एक रीत आहे. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा. बुंध्याकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. चिरलेल्या लाकडात बुंधा कुठला ते नवख्याला कळत नाही. कळायला दोन खुणा आहेत. खांब मधोमध उचलला की बुंध्याकडे झुकतो, आणि गाठी बघितल्या की फांदी कुठल्या टोकाकडे निघाली होती ते दिसतं, ते टोक शेंड्याचं. उलटा लागला तर लोक म्हणतात, घर उलटं होतं. आम्ही बौद्ध माणसं, आमच्या आजोबांनीच शकुन-अपशकुनाला रामराम ठोकला. पण उलटा खांब बाबांनी आयुष्यात चालवून घेतला नाही. "ह्यात शकुन न्हाय, अक्कल हाय," म्हणायचे. "सरळ लाकडावरनं पाणी उतरतं, उलट्यात मुरतं."

पहिले तीन खांब त्यांनी स्वतः तोलून, गाठी बघून, बुंध्याला डांबर फासून उभे केले. चौथ्याच्या वेळी दुपार झाली होती. बाबा दमले होते. मी जेवायला हाक मारली होती, एकदा नाही, तीनदा, आणि तिसऱ्यांदा चढ्या आवाजात. त्यांनी चौथा खांब न तोलताच त्याच्या एका टोकाला डांबर फासलं. सुताराने खांबाला हात लावला आणि तो थांबला. त्याने आधी गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मलाही दिसलं, डांबर शेंड्याला लागलं होतं. इतक्या वर्षांत बघून बघून मला एवढं तरी कळत होतं.

मी मान हलवली. नको, असं. राहू दे.

बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. आत्ता सांगितलं तर बाबा कोलमडतील, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण मला खोप वेळेत उभी हवी होती, हेही तेवढंच खरं. सुताराने खाली मान घालून खड्ड्यात दगड ठोकले. मग वासे चढले, रिपा बसल्या, आणि कौलांचं वजन त्या खांबावर कायमचं येऊन बसलं.

भाऊ आला. विहारात वंदना झाली, घरी खीर झाली, आणि मग आम्ही त्याला वाडीत नेलं. बाबांनी त्याला कौलं वाजवून दाखवली, माडाच्या वाशांच्या खाचा दाखवल्या. मागच्या बाजूला ठोकलेल्या फळ्यांच्या भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली होती. भावाने नेमक्या त्या चौथ्या खांबावर थाप मारली. "मान गये बाबा!" जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ठीक आहे ताई. तुझ्याकडेच राहू देत. मी उगाच टेन्शन घेतलं." गाडी वळणाआड गेल्यावर मी घरात जाऊन उरलेली खीर पातेल्यातूनच खाल्ली.

पुढचे दोन-अडीच महिने चांगले गेले, तेवढे मी कुणाला देणार नाही. बाबा सकाळी चहा घेऊन खोपीत जायचे. पाट केले, रव्या केल्या, माझ्या शाळेच्या फळ्यासाठी सहा डस्टर केले. विसरणं थांबलं नव्हतं, पण खोपीत असताना ते विसरलेले दिसायचे नाहीत.

श्रावणात एके दिवशी मी त्यांना चहा द्यायला गेले, तर रंधा खाली ठेवून ते चौथ्या खांबाकडे बघत होते.

"बाय, ह्यो खांब कोणी लावला?"

मी कप रंध्याशेजारी ठेवला. म्हटलं, "बाहेरचा सुतार होता एक."

"उलटा लावलाय. गाठीचं तोंड बघ. ज्याला बुंधा-शेंडा कळत न्हाय त्यानं हत्यार खाली ठेवावं. त्याला परत वाडीत घेऊ नको."

"नाही घेणार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. बाबांच्या दृष्टीने तो खांब त्यांना रोज नव्याने सापडत होता, आणि रोज तेवढाच संताप येत होता. मग दिवसातून दोनदा, चारदा. मी रोज त्या बाहेरच्या सुताराला शिव्या खायला लावत होते. कधी बाबा म्हणायचे, त्याचा हात गेलाय. कधी म्हणायचे, त्याच्या बायकोपोरांना सांगा, घरी बसवा त्याला. मी हो हो म्हणायची आणि स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटायची.

आणि मग तो दिवस आला. काही मोठं घडलं नव्हतं. शाळेत दिवसभर मुलांची माहिती मोबाइलवर भरायची होती, रेंज नव्हती, मुख्याध्यापक बोलले. भिजत घरी आले तर वीज नाही, गॅस संपलेला, म्हणून चूल पेटवायला बसले. बाबा चुलीशी आले आणि म्हणाले, "बाय, त्यो खांब कोणी लावला गो?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा आले. पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा आले तेव्हा मी हातातली फुंकणी जमिनीवर आपटली.

"तुम्हीच लावलात! तुम्ही, तुमच्या हातांनी! आता परत विचारू नका!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांत त्यांनी माझ्याकडे इतक्या ओळखीने बघितलं नव्हतं.

"मी?"

मी वाकून फुंकणी उचलली.

"बरं," म्हणाले.

छत्री न घेता वाडीत गेले. मी मागे धावले. ते खांबावर वरपासून खालपर्यंत हात फिरवत होते, गाठीपाशी थांबत होते. मग त्यांनी भिंतीवरची हत्यारं एकेक करून उतरवली. प्रत्येकाला तेलाचं फडकं लावलं. पटाशी, रंधा, गुण्या, करवत, सगळं पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. मी बाजूला उभी राहून म्हणत होते, बाबा, मी रागात बोलले, बाबा, तसं नाहीये. त्यांनी मला पेटीचं एक टोक धरायला सांगितलं. आम्ही ती उचलून घरात आणली.

मी स्वतःला एकच धीर दिला, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, उद्यापर्यंत विसरतील.

ते विसरले नाहीत. त्या महिन्यात ते माझं नाव विसरले. आई गेली हे विसरले, तिला पावसात कुठे पाठवलीस म्हणून माझ्यावर ओरडले. संडास कुठे आहे ते विसरले. पण खांब कोणी लावला, हे त्यांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. खोपीत पाऊल टाकलं नाही. वाडीत गेले तर पलीकडच्या पाळंदीने, कुंपणांमधल्या अरुंद वाटेने, वळसा घालून जायचे.

मी त्या सुताराला बोलावून घेतलं. त्याने आढ्याला टेकू लावले, कौलं उतरवली, चौथा खांब उपटला आणि सरळ करून पुन्हा रोवला. एका दिवसाचं काम होतं. जे एका दिवसात होणार होतं, ते मी त्या दुपारी होऊ दिलं नव्हतं. संध्याकाळी बाबांना हाताला धरून मी तिथे नेलं. "बघा, सरळ केलाय."

त्यांनी गाठी बघितल्या. "चांगलं केलंस," म्हणाले. मग आवाज उतरवून विचारलं, "त्यो माणूस आता परत येनार न्हाय ना?"

"कोण माणूस, बाबा?"

त्यांनी माझा हात सोडवून घेतला आणि घराकडे चालायला लागले.

रविवारी भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी माझ्या हातातून तो मागून घेतला. "मला ने," म्हणाले. भाऊ गडबडला, मला म्हणाला, ताई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, म्हातारपण. दिवाळीच्या आधी तो गाडी घेऊन आला. बाबा पायरीवर तयार बसून होते. पेटी घ्यायची का, असं मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली.

आता ते चौदाव्या मजल्यावर आहेत. भाऊ चांगली काळजी घेतो, मी खोटं बोलणार नाही. दर रविवारी फोन करतो. गेल्या महिन्यात म्हणाला, "ताई, कमाल आहे. मला ओळखत नाहीत, माझ्या बायकोला नर्स समजतात. पण गावाला जाऊ या का म्हटलं की लगेच नको म्हणतात. तिथे माझं काम न्हाय, म्हणतात. असं का म्हणत असतील गं?"

मी म्हटलं, काय माहीत.